सहाशे अकरा दारं

माझी वहिनी ओझेला टिब्ज, तिच्याबद्दल मी चार शब्द चांगले बोलेन असं आमच्या गल्लीत कुणाला वाटणार नाही. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकींना पाण्यात पाहिलं. मी तिची नणंद, अर्नेस्टीन, घरात टीनी. माझा एकुलता एक भाऊ लुशियस तिनं नेला तो नेला, वर माझ्या हातची कोलार्डची पालेभाजी खारट असते असं त्याच्या तोंडून वदवून घेतलं. तेही ईस्टरच्या जेवणात, सगळ्यांसमोर! ते मी अजून विसरलेली नाही. पण खरं ते खरं. तिनं व्हिटकोम युनिव्हर्सिटीचं जे केलं, ते आमच्या टॅलमन शहरात दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं. ती स्वतः सांगायची नाही, म्हणून मी सांगते.

युनिव्हर्सिटीवाले २००५ साली आमच्या वस्तीत आले. काळ्या माणसांच्या किडन्या लवकर का जातात याचा त्यांना अभ्यास करायचा होता, आणि त्यासाठी आमचं रक्त पाहिजे होतं. दरवर्षी एकदा. आता आमच्याकडे पांढरा कोट दिसला की आतून कडी लागते. का लागते, ते प्रत्येक घरातली म्हातारी सांगेल: डॉक्टरांनी आमच्या माणसांवर न विचारता प्रयोग केलेत. त्यांनी भिंतींवर कागद चिकटवले, फुकट टी-शर्ट वाटले, रेडिओवर गाणं लावलं. वर्षभरात माणसं मिळाली एकोणीस. त्यातले दोघे टी-शर्टासाठी दोनदा आलेले.

तेव्हा अभ्यासाच्या प्रमुखाला, डॉक्टर रस्कला, ओझेला दिसली. ती हॉस्पिटलच्या जेवणाच्या खिडकीवर होती. कुणाला मीठ चालत नाही, कुणाची मुलगी कुठल्या गावी आहे, सगळं तिला पाठ. त्यानं तिला उचललं आणि दारोदार पाठवलं.

ओझेलाची एक पद्धत होती. दारात जाऊन ती कधी कामाचं बोलायची नाही. ओसरीवर बसायची, घरातली बाई शेंगा सोलत असली तर निम्म्या आपल्या मांडीवर ओढून घ्यायची आणि सोलायला लागायची. पाटी रिकामी झाली की मग पिशवीतून कागद काढायचा. अख्खा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, एक ओळ गाळायची नाही. नवव्या ओळीवर आली की बोट ठेवायची. ‘या अभ्यासातून मी कधीही, कोणतंही कारण न देता बाहेर पडू शकते, आणि माझं उरलेलं रक्त नष्ट करायला सांगू शकते.’

“हे मागचं दार आहे,” ती म्हणायची. “पुढच्या दारानं मी बोलावतेय. मागचं कायम उघडं. मी सांगतेय ना!”

त्या ‘मी सांगतेय ना’वर लोकांनी सह्या केल्या. युनिव्हर्सिटीवर नाही. चौदा वर्षांत सहाशे अकरा माणसं. प्रत्येकाच्या वाढदिवसाला ती फोन करायची, कुणाची गाडी बंद पडली तर रक्त द्यायला स्वतः घेऊन जायची. युनिव्हर्सिटीनं सगळ्यांना फ्रिजवर चिकटवायला जो नंबर वाटला, तो ओझेलाच्या स्वयंपाकघरातला होता. कारण ऑफिसच्या नंबरावर कुणी फोन करेचना. त्यांच्याकडे आम्ही नुसते आकडे होतो. मी सत्तेचाळीस, लुशियस बारा. नावं, दारं, कुणाला कधी भेटावं, ते सगळं ओझेलाच्या डोक्यात.

डॉक्टर रस्क वाईट माणूस होता का? तसा नव्हता, आणि हाच तर वैताग. नाताळात अक्रोडासारख्या पेकनचा डबा घेऊन यायचा, लुशियसच्या पाठीवर थाप मारायचा. पण ओझेलाला नुसतं ‘ओझेला’ म्हणायचा. आमच्याकडे पन्नाशीच्या बाईला पोस्टमनसुद्धा ‘मिस ओझेला’ म्हणतो. रस्कच्या घरी एक म्हातारी कुत्री होती, तिला तो ‘मिस पर्ल’ म्हणायचा. मी हे वहिनीला दाखवून दिलं तर म्हणते, “टीनी, तुझी जीभ पोस्टात टाक कुठेतरी लांब.”

दरवर्षी रक्त दिलं की पंधरा दिवसांत घरी एक चिठ्ठी यायची. त्यावर एक आकडा. तुमची किडनी किती काम करते त्याचा. शंभराच्या आसपास म्हणजे उत्तम. वीसच्या खाली गेला की नवी किडनी मिळायच्या यादीत नाव लागतं, आणि ज्या दिवशी नाव लागलं त्या दिवसापासून तुमची रांग मोजतात. रांग वर्षानुवर्षांची. त्यामुळे एक-एक दिवस मोलाचा. यादी करणारं हॉस्पिटलही त्यांचंच.

लुशियसच्या चिठ्ठीवर तेवीस आला. रस्क म्हणाला, “अजून वेळ आहे, लुशियस. वीसच्या खाली गेलास की लगेच नाव लावू.” पुढल्या वर्षी पुन्हा तेवीस. लुशियसनं दोन्ही चिठ्ठ्या फ्रिजवर लावल्या. “बघ, तसूभर हलला नाही,” म्हणायचा मला. त्याचे पाय सुजले होते, जेवणाला लोखंडाची चव येते म्हणायचा, पण आकडा तेवीस. जानेवारीत तो गॅरेजात गाडीखालून बाहेरच आला नाही, ओढून काढावा लागला. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर. जुलैत गेला. यादीत त्याचं नाव कधी लागलंच नाही.

रस्कनं मोठी फुलं पाठवली. मयताच्या जेवणाला आला आणि माझ्या केकचे दोन तुकडे खाऊन गेला. तेव्हा मला बरं वाटलं होतं, म्हणजे बघा मी किती मूर्ख.

ऑगस्टमध्ये ओझेलाला पत्र आलं. युनिव्हर्सिटी नवं केंद्र काढत होती. ‘आरोग्य संशोधनातील कृष्णवर्णीयविरोधी वंशद्वेष निर्मूलन केंद्र’. नाव वाचेपर्यंत चहा गार होतो. अभ्यास आता या केंद्राखाली जाणार, केंद्राच्या प्रत्येक जागेला मोठी पदवी लागणार, ओझेला नुसती बारावी पास. तेव्हा तिनं दोन आठवड्यांत नव्या मुलीला काम शिकवावं आणि चौदा वर्षांच्या सेवेबद्दल आभार. वंशद्वेष घालवायला केंद्र काढलं आणि घालवली कुणाला? ओझेलाला. कामापुरता मामा म्हणतात तो हा.

मी म्हटलं, “जाऊ नकोस शिकवायला. मरू दे त्यांना.”

“माणसं माझी आहेत,” ती म्हणाली. “त्या पोरीला एखाद्याच्या दारात काय बोलू नये एवढं तरी सांगून येते.”

नवी मुलगी केटलिन. चोवीस वर्षांची, गोरी, गोड, प्रत्येक वाक्यानंतर सॉरी म्हणणारी. दुसऱ्या दिवशी तिनं कॉम्प्युटरवर एक तक्ता उघडला. चौदा वर्षांत ओझेलाला तो कुणी दाखवला नव्हता. तिचं काम दारापर्यंत, तक्त्यापर्यंत नाही. तक्त्यात प्रत्येक माणसापुढे दोन आकडे होते.

“दोन का गं?” ओझेलानं विचारलं.

“हा मशीनमधून येतो तो. आणि पेशंट काळा असेल तर त्याला एक पूर्णांक एकवीसनं गुणायचं, तो हा दुसरा. चिठ्ठीवर दुसरा जातो.”

“गुणायचं कशाला?”

केटलिन लाल झाली. “सॉरी... म्हणजे... काळ्या लोकांचे स्नायू जास्त असतात, त्यामुळे तपासणीत किडनी उगाच कमी दिसते असं धरतात. म्हणून.”

स्नायू! माझा भाऊ लुशियस! त्याचा पट्टा मी खिळ्यानं नवी भोकं पाडून द्यायची. वारा सुटला की आई त्याला घरात घ्यायची. त्याला स्नायू कुठले, मेल्यांनो?

ओझेला घरी आली तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात होते. ती पर्ससकट खुर्चीत बसली. लुशियसच्या अंत्यविधीची छापील पत्रिका टेबलावरच होती, कोटातला त्याचा फोटो असलेली. ती उलटी करून तिनं पेन्सिलनं भागाकार मांडला. हळूहळू केला, दोनदा पडताळला. तेवीस भागिले एक पूर्णांक एकवीस. एकोणीस.

“दोन वर्षं,” ती म्हणाली. “दोन वर्षं तो एकोणीसवर होता, टीनी. आणि मी त्याला सांगत होते, तेवीस आहे, घाबरू नकोस.”

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझी चिठ्ठी कुठाय?”

माझीही किडनी तसलीच, आमच्या बापाकडून आलेली. गेल्या वर्षीची माझी चिठ्ठी चोवीसची. पर्समध्ये होती ती मी काढून दिली. तिनं लुशियसच्याच पत्रिकेवर, त्याच्या आकड्याखाली माझा मांडला. एकोणीस पूर्णांक आठ.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी चाळीस वर्षं स्कूलबस चालवली आहे, माझ्या तोंडाला लगाम नाही. मी रस्कच्या सात पिढ्या काढल्या आणि म्हटलं, लुशियसचा मोठा पाना घेते आणि त्याच्या गाडीची एक काच ठेवत नाही.

“बस खाली,” ओझेला म्हणाली. “काचेचा विमा असतो. ज्याचा विमा नाही असं काहीतरी फोडायचं.”

आधी ती सरळ मार्गानं गेली, हे मला सांगितलंच पाहिजे. रस्कला भेटली. मी बाहेर बाकावर होते, दार अर्धं उघडं.

“प्रत्येकाला न गुणलेला आकडा पाठवा, डॉक्टर. या आठवड्यात. काही लोक आताच वीसच्या खाली आहेत.”

“ओझेला, देशभर असंच करतात. सूत्रच तसं आहे. मी एकट्यानं थोडंच ठरवलंय?”

“लुशियस टिब्ज हाडांचा सापळा होता. तुम्ही त्याला तेरा वर्षं डोळ्यांनी बघत होता.”

“मला कळतंय तुझं दुःख. खरंच कळतंय. आणि म्हणूनच तर आपण केंद्र काढतोय! हा विषय उपसमितीकडे जाईल. वसंतात पहिली बैठक आहे.” मग आवाजात साखर घालून, “उद्घाटनाला निधी देणारे लोक येताहेत. तुमच्या चर्चच्या त्या पांढऱ्या हातमोज्यांच्या बायका आणशील? पाहुण्यांना जागा दाखवायला. फार छान दिसेल ते. आणि भिंतीवर तुझा फोटो लावणार आहोत.”

मी बाहेर मुठी आवळल्या. आता ही भडकणार असं वाटलं. पण ओझेला म्हणाली, “हो, डॉक्टर. आणते ना.”

न्यू गिलियड बॅप्टिस्ट चर्चच्या अशर मंडळाची ती अध्यक्ष, आणि मी तिच्या हाताखाली. हे दुःख वेगळंच. अशर म्हणजे चर्चमध्ये लोकांना जागा दाखवणाऱ्या, दानाची ताटं फिरवणाऱ्या. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे कमरेवर. अशर तोंडानं बोलत नाही. सगळं उजव्या हाताच्या खुणांनी चालतं. दोन बोटं म्हणजे दोन जागा, छातीवर तळवा म्हणजे थांबा, हात आडवा म्हणजे ताटं निघू द्या, आणि उघडा तळवा खाली वळवून दाराकडे म्हणजे ‘या, निघा’. ओझेलानं हात वर केला की चारशे माणसं गप होतात, पास्टरसुद्धा.

उद्घाटनाला सहा आठवडे होते. आम्ही सहाशे अकरा दारं पुन्हा केली. गाडी मी चालवली. वाटेत आम्ही भांडलो, कारण ती मला डावीकडे वळ म्हणून सांगते आणि हात उजवीकडे दाखवते. खुणांत सगळं बरोबर, गाडीत सगळं चूक.

पण दारात ती पूर्वीसारखी बसायची नाही. उभी राहायची. आणि पहिलं वाक्य प्रत्येक दारात तेच. “मी तुला सांगितलं होतं यांच्यावर विश्वास ठेव. मी चुकले.” मग दोन आकड्यांचं सांगायची, त्यांच्या चिठ्ठीवर तिथेच भागाकार करून द्यायची, आणि एक कागद पुढे करायची. नववी ओळ आणि खाली सहीची जागा.

सोपं नव्हतं. मिस्टर पर्विसनं आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, “माझी बायको तुझ्या शब्दावर गेली होती तिथे, मिस ओझेला. तिच्या चिठ्ठीचा भागाकार करून दे मला.” बायको जाऊन चार वर्षं झालेली. त्यानं बायबलमधून चिठ्ठी काढली. ओझेलानं भागाकार केला. सतरा आला. मिस्टर पर्विसनं सही केली, पेन परत दिलं आणि दार आपटलं.

मिस हॅटी लू चौऱ्याऐंशीची. ती म्हणाली, “माझ्या आजीनं मला सांगितलं होतं, मी तुला सांगितलं होतं, आणि तू मला शेंगा सोलून गप्प केलंस.”

“हो, मॅम,” ओझेला म्हणाली. “केलं.”

“आण इकडे तो कागद. आणि त्या डॉक्टरच्या तोंडावर टाकताना मला पुढची खुर्ची पाहिजे.”

अडतीस जणांनी सही दिली नाही. चर्चच्या कारभारातला डीकन मोझली म्हणाला, “फुकटात ब्लडप्रेशर बघतात, ते का सोडू?” मी त्याला दोन शब्द सुनावणार होते, ओझेलानं छातीवर तळवा ठेवून मला थांबवलं. “मागचं दार जसं त्याचं, तसं आत राहणंही त्याचंच,” म्हणाली. बाकी पाचशे त्र्याहत्तर कागद आले, गेलेल्या माणसांच्या वतीनं घरच्यांनी दिलेले धरून. काही आम्ही घरी आणले. पण जे उद्घाटनाला येणार होते त्यांचे त्यांच्याजवळच ठेवले, कोटाच्या खिशात, पर्समध्ये, हॅटच्या खाली.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. युनिव्हर्सिटीचं मोठं सभागृह. निधी देणारे पहिल्या रांगेत, त्यांच्या मागे आमची जवळजवळ तीनशे माणसं, रविवारच्या कपड्यांत. आम्ही बावीस अशर. फोटोवाले आमचेच फोटो काढत होते. भिंतीवर ओझेलाचा फोटो होता, खाली नुसतं ‘ओझेला, समाजातील एक सहकारी’. आडनाव नाही.

मिस हॅटी लूला ओझेलानं पहिल्या रांगेत, बरोब्बर निधीवाल्यांच्या मधोमध बसवलं. जागा दाखवायचं काम आम्हालाच दिलं होतं ना!

रस्क बोलायला उभा राहिला. पंधरा मिनिटं बोलला, ‘विश्वास’ हा शब्द नऊ वेळा. मी मोजला. नवव्या विश्वासाला ओझेलानं मधल्या वाटेत उभं राहून उजवा हात वर केला. आमची तीनशे माणसं तिथल्या तिथे गप झाली, कुजबुज नाही की खोकला नाही. मग तिनं हात आडवा केला.

आम्ही ताटं काढली. चर्चमधलीच, आत लाल मखमल लावलेली. प्रत्येक रांगेतून ताट फिरलं आणि प्रत्येकानं त्यात घडी केलेला कागद टाकला. निधीवाल्यांना वाटलं दान गोळा करताहेत; त्यांच्यातल्या एकानं पाकीट काढलं. मिस हॅटी लूनं त्याचा हात दाबला आणि म्हणाली, “तुझं नको, बाळा. तुझं नंतर बघू.”

रस्क बोलता बोलता अडखळला. बावीस जणी दोन ओळींत मंचावर गेलो आणि एकीनंतर एक ताट त्याच्यासमोर ठेवलं. शेवटचं ओझेलानं. त्यात घरून आणलेले कागद होते, आणि सगळ्यांत वर माझा.

त्यानं एक उघडला, मग दुसरा. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला आणि मला असं काही समाधान वाटलं की काय सांगू! मला दया आली नाही. येईल असं वाटलं होतं. नाही आली.

“हे... ओझेला, हे सगळे? का?” माईक चालूच होता.

तेव्हा ती बोलली. अशरच्या पोशाखात तिला बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. “नववी ओळ वाचा, डॉक्टर. मोठ्यानं. मी सहाशे अकरा वेळा वाचली आहे, तुम्ही एकदा वाचा.”

तो वाचेना. पहिल्या रांगेतून मिस हॅटी लू ओरडली, “वाच की! चष्मा देऊ का?”

त्यानं वाचली. “‘...कोणतंही कारण न देता बाहेर पडू शकते.’”

“कारण द्यायचं नाही असं तुम्हीच लिहिलंय,” ओझेला म्हणाली, आणि डावा हात पाठीमागे ठेवून वळली. आम्ही तिच्या मागे. तीनशे माणसं उठली आणि शिस्तीत बाहेर पडली, मागच्या दारानं.

पैसेवाल्यांनी पुढच्या वर्षाचा निधी थांबवला. युनिव्हर्सिटीच्या वकिलांनी घाबरून दोन आठवड्यांत प्रत्येकाला पत्र पाठवलं, न गुणलेल्या आकड्याचं. माझ्यासकट सव्वीस जण वीसच्या खाली निघाले. सव्वीस! माझं नाव यादीत लागलं. पण लागलं त्या दिवसापासून. माझा आकडा खाली गेला तेव्हापासून नाही. मधलं दीड वर्ष कुठे गेलं ते कुणी सांगत नाही.

नोव्हेंबरात रस्क ओझेलाच्या ओसरीवर आला. हातात पेकनचा डबा. मी झोपाळ्यावर होते. ओझेलानं त्याला बस म्हटलं नाही.

“मिस टिब्ज,” तो म्हणाला. चौदा वर्षांनी आडनाव आठवलं! “आकडे आम्ही पाठवले. लोकांनी परत यावं. हा अभ्यास बंद पडला तर नुकसान तुमच्याच लोकांचं आहे. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील.”

“मी सांगणार नाही. तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “सहाशे अकरा दारं आहेत. प्रत्येक दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, मी तुमचा आकडा गुणला, मी चुकलो. मी केलीत ती दारं, दोन्ही वेळा. हे पहिलं दार आहे. करा सुरुवात.”

त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला.

“लुशियसचा आकडा काय होता?” ओझेला म्हणाली. “न गुणता?”

“एकोणीस.”

“मोठ्यानं.”

“एकोणीस. मी... आम्ही चुकलो.”

“आम्ही कोण? तुमच्या मागे मला कुणी दिसत नाही.”

“मी चुकलो.”

“हं. आता ही दुसरी,” तिनं माझ्याकडे बोट केलं.

तो माझ्याकडे वळला. चौदा वर्षं यानं माझं रक्त घेतलं, माझ्या हातचा केक खाल्ला. त्यानं ‘मिस...’ म्हटलं आणि तिथेच अडकला. त्याला माझं नाव येत नव्हतं.

“सत्तेचाळीस,” मी म्हटलं. “तुमच्याकडे मी सत्तेचाळीस आहे.”

ओझेलानं उजवा हात उचलला, तळवा उघडा, खाली वळवलेला, पायऱ्यांकडे. ही खूण त्यानं चर्चमध्ये कधी पाहिली नव्हती, पण ती त्याला कळली. डबा त्यानं कठड्यावर ठेवला, तो मी फाटकापर्यंत जाऊन त्याच्या गाडीच्या टपावर ठेवून आले. पुढे त्यानं नऊ दारं केली म्हणतात. दहाव्यापासून केटलिनला पाठवायला लागला. लोक तिला सरबत द्यायचे आणि विचारायचे, “डॉक्टर कुठाय?” आणि दार लावून घ्यायचे. वसंतात अभ्यास बंद झाला. आमचं रक्त जाळलं, तसा कागद प्रत्येकाला आला. उपसमितीची बैठक झाली की नाही ते माहीत नाही.

मला तिसरं वर्ष आहे यादीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीनवर. ओझेलाच नेते, उजवीकडे हात दाखवून डावीकडे वळते. हॉस्पिटलमध्ये किडनी आली तर फोन कुणाला करायचा, तिथे मी तिच्या स्वयंपाकघरातला नंबर दिलाय.

काल भाजी शिजत असताना मी तिला म्हटलं, “माझ्या मयताच्या पत्रिकेवर दोन्ही आकडे छाप. चोवीस आणि एकोणीस पूर्णांक आठ. फोटोच्या खाली, मोठ्या अक्षरांत. आणि एक प्रत रस्कला पोस्टानं पाठव.”

“छापते,” ती म्हणाली. “पण तुला आत्ता मरायची परवानगी नाही. ते दीड वर्ष त्यांच्याकडून वसूल व्हायचंय अजून.” मग पातेल्यातली भाजी चाखून तोंड वाकडं केलं. “आणि मीठ कमी घालत जा गं बाई. किडनीची पेशंट आहेस.”